दिग्रस ते यवतमाळ, व्हाया बँडेज

दिग्रसहून सकाळची मोटार सुटली तेव्हा आमची स्वारी खिडकीशी बसून इंग्रजी बोलत होती. कोणाशी? कोणाशीच नाही. साठ साल उलटून गेलं होतं, मी मॅट्रिक झाले होते, आणि यवतमाळला नर्सच्या शिक्षणासाठी मुलाखत होती. तिथे इंग्रजी शब्द विचारतात म्हणे. नंबर नाही लागला तर पाहुणे बघायला येणार होते. याडीने (आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई) तसं बजावूनच भाकरी-ठेचा बांधून दिला होता.

आमच्या मास्तरांची रीत अशी : आधी उच्चार दोनदा, मग अर्थ, मग वाक्य. सगळं एका चालीत, डोलत डोलत. मध्ये कोणी अडवलं की पुन्हा पहिल्यापासून. ‘बँडेज, बँडेज. बँडेज म्हणजे जखमेवरची पट्टी. द नर्स टाइड अ बँडेज ऑन द सोल्जर.’ सोल्जर मी जन्मात पाहिला नव्हता, पण ऐट काय विचारता!

दारव्हा मागे पडलं. दोन्ही बाजूंना नांगरून तापत पडलेली काळी शेतं. शेजारच्या म्हातारीने विचारलं, “काय पुटपुटून राह्यली वं पोरी?”

“इंग्रजी.”

“देवाचं असंन तर मोठ्यानं म्हण. मलेबी पुण्य लागंन.”

बोरी अरबच्या अलीकडे चाक बसलं. ड्रायव्हरने जॅक लावला, तो सटकला आणि त्याचा अंगठा चेंगरला. रक्ताची धार लागली. माणसं नुसती ओरडत होती. मी खिडकीतून बघत होते आणि तोंड चालूच : ‘बँडेज म्हणजे जखमेवरची पट्टी...’

म्हातारीने कोपराने ढोसलं. “अवं, ते तोंडातली पट्टी त्याच्या बोटाले बांध ना!”

उतरले. मुलाखतीत मिरवायला एक रुमाल भरला होता, लाल दोऱ्याने ‘गुड लक’ काढलेला. अंगठा धुतला आणि तोच करकचून बांधला. एवढ्या मिशांचा माणूस, “मायवं!” म्हणून रडला. पण बोरी अरबला त्यानेच मला चहा-भजी खाऊ घातली.

यवतमाळात मुख्य नर्सबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “बँडेज.”

मी डोलायला लागले. त्यांनी हात वर केला. मी पुन्हा पहिल्यापासून!

“सोल्जर राहू दे. तुझं वाक्य सांग.”

माझं? वाक्यं पुस्तकाची असतात, एवढंच मला ठाऊक. घाम फुटला. रुमालासाठी कमरेला हात गेला, तर रुमाल कुठे होता!

“आय टाय बँडेज टू ड्रायव्हर,” मी म्हटलं. “ड्रायव्हर क्राय.”

“व्हाय?”

“आय टाय टाइट.”

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. “जूनमध्ये ये. तोवर जरा सैल बांधायला शीक.”

परतीला तीच मोटार, तोच ड्रायव्हर, अंगठ्यावर मळका ‘गुड लक’.

“लागला का नंबर, बाई?”

“लागला.”

तो असा खूश झाला की एका हाताने गाडी हाकत, मागे वळून साऱ्या मोटारीला अंगठा दाखवायला लागला. समोरून बैलबंडी येत होती. माझ्या तोंडून निघालं, “ड्रायव्हर लुक बॅक. आय ॲम अफ्रेड!”

“काय म्हनली बाई इंग्रजीत?”

“म्हटलं, गाडी लई चांगली चालवता. पुढं बघा.”

पुढे दवाखान्यात किती शब्द शिकले, पण डोलले कधी नाही. त्या संध्याकाळी तांड्यावर पोचले तर याडी दारातच उभी. “आलं का इंग्रजी?”

“घाबरण्यापुरतं आलं. जूनमध्ये बोलावलंय.”

ती आत गेली, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली गुळाची भेली काढली आणि फोडली.