हळद लागलेला अंकुशी रुपया

ती घटना आठवली की आजही, खुर्चीवर बसलेला असेन तर, माझा उजवा पाय नकळत वर घेतला जातो. घरची मंडळी हसतात. मी कारण कधी सांगितलं नाही, कारण एकदा सांगायला बसलं की सगळंच सांगावं लागतं. आता नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, त्यातली माणसंही बहुतेक गेली. सांगतो, पण नावं कुणाची घेणार नाही.

मी तेव्हा शिरूरला फौजदार होतो. नवे पैसे येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बाजारात आण्यांचा आणि पैशांचा घोळ चालायचाच, आणि त्या घोळात खोटी नाणी खपवणारेही निपजले होते. वरून सारखी पत्रं यायची, लक्ष ठेवा म्हणून. त्यामुळे एके दिवशी पोस्टमास्तर स्वतः चालत ठाण्यात आले आणि "साहेब, जरा आत बसू या का" म्हणाले, तेव्हा माझे कान टवकारले.

"एक पेन्शनर हायेत. उर्दू शाळेत मास्तर होते," ते हळूच म्हणाले. "हल्ली महिन्याला दोन-दोन, तीन-तीन व्ही.पी. सोडवतात. कवा मुंबईची, कवा कलकत्त्याची. पुडकं एवढुसं, पण हाताला जड. बोटांनी चाचपलं की आत गोल लागतं."

"तुम्ही लोकांची टपालं चाचपता होय?"

पोस्टमास्तर ओशाळले. "शिक्का मारताना लागतं हो, साहेब."

दुसऱ्या दिवशी दुपारी साध्या कपड्यांत मी आणि माझे हवालदार मास्तरांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं स्वच्छ घर. मास्तर सत्तरीचे, टोपी, जाड चष्मा. त्यांची सून आतून चहा ठेवून गेली. मी आडवळणं घेणारा माणूस नाही. सरळ विचारलं, पुडक्यांत काय येतं?

गुन्हेगार माणूस असा प्रश्न आला की आधी दाराकडं बघतो. मास्तरांनी फळीकडं बघितलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला. आत कागदाच्या छोट्या छोट्या पुड्या होत्या. मी एक उघडली. जुना चांदीचा रुपया, अंकुशी. पेशवाईत पुण्याकडं पडायचा तो, वर फारसी अक्षरं आणि माहुताच्या अंकुशाची खूण. दुसरी उघडली, अंकुशी. तिसरी, अंकुशी. हवालदार डबाच उपडा करायला निघाले, त्यांना थांबवलं. चाळीसच्या वर पुड्या होत्या आणि सगळ्यांत तोच रुपया. प्रत्येक पुडीवर मास्तरी वळणदार अक्षरांत दोनच शब्द लिहिले होते: 'हा नव्हे.'

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

मास्तरांनी सगळं समजावून सांगितलं. जुनी नाणी टपालानं विकणारे व्यापारी असतात. ते छापील याद्या पाठवतात. नाणं कुठलं, घासलेलं किती, काठ कसा आहे, सगळं एकेका ओळीत. आपण कार्डावर आकडा टाकून मागवायचं. व्ही.पी. आली की आधी पोस्टात पैसे भरायचे आणि मगच पुडकं फोडायचं.

"मग सगळे एकाच जातीचे कशाला जमवता?" मी विचारलं.

"साहेब, मी जमवत नाही. एक हरवलाय, तो शोधतोय."

त्यांचा एकुलता मुलगा. सोलापूरला गिरणीत कारकुनाची नोकरी लागली, म्हणून सात वर्षांपूर्वी ऐन भाद्रपदात निघाला. शिरूरहून भीमेपर्यंत गाडीनं, नदी ओलांडून पलीकडं दौंड, आणि दौंडहून सकाळची रेल्वे. पोचल्याचं कार्ड टाकतो म्हणाला होता. ते कार्ड आलं नाही. गिरणीत तो हजर झाला नाही. निघताना आईनं त्याच्या दंडावर हिरव्या कापडात घरातला जुना रुपया बांधला होता, इमाम जामीन म्हणून. त्यांच्यात प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडावर असं नाणं बांधतात. माणूस सुखरूप पोचला की ते सोडून तिथल्या फकिराला देऊन टाकायचं, अशी रीत.

"तो पोचला असेल तर त्यानं रुपया फकिराला दिला असणार," मास्तर म्हणाले. "फकीर काय, तो विकणार. फिरत फिरत तो कधी ना कधी कुठल्यातरी यादीत येणारच. तो आला की समजायचं, माझा पोरगा पोचला. कुठंतरी आहे."

मी हिशेब घातला. सात वर्षं माणसाची काहीच खबर नसली की कायदा त्याला मेला असं धरतो. मास्तरांच्या सुनेचा भाऊ तिला माहेरी न्यायला, दुसरं लग्न लावून द्यायला तयार होता. मास्तर सोडेनात, कारण रुपया आला नव्हता. आणि ती पोर पंचविशीची, दर वेळी पुडी उघडताना दाराआड उभी राहून 'हा नव्हे' ऐकत होती.

ठाण्यात परतल्यावर मी जुनं दप्तर काढायला लावलं. बेपत्ता मुलाची खबर होती, आमच्याच ठाण्यात. तपास काय, तर दौंड ठाण्याला एक पत्र आणि दौंडचं उत्तर: 'आमच्या हद्दीत मिळून आला नाही.' भीमा मधोमध, अलीकडं आम्ही, पलीकडं ते. काठाला प्रेत लागलं की गावकरी बांबूनं पलीकडच्या काठाला ढकलतात, पंचनाम्याची कटकट नको म्हणून. आम्ही पोलीस कागदावर तेच करत होतो. मला लाज वाटली आणि रागही आला, पण करण्यासारखं काही हातात नव्हतं.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळी हजेरी चालू होती आणि मास्तर डोक्याला टोपी न घालता ठाण्यात शिरले. मागं सून. ती कधी घराबाहेर पडत नव्हती.

"साहेब, आला!" मास्तर ओरडलेच. "आला! पोचला पोरगा!"

टेबलावर रुपया आणि एक फाटकी वही ठेवली. मुलगा लहानपणी शाळेत नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचा आणि छाप उठवायचा. घरातल्या त्या रुपयाच्या तशाच छापांचं एक पान वहीत होतं. सराफानं चांदी पारखायला छिन्नीनं मारलेल्या दोन खुणा, एकमेकीला चिकटून, अंकुशाच्या टोकाशी. रुपयावरही त्याच, तिथंच. भिंगातून दहा वेळा बघितलं. तोच होता.

मास्तर लहान मुलासारखे रडत हसत होते. मीही खूश झालो होतो, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात सून पुढं आली. पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला.

"अब्बा," ती म्हणाली, "फकीर रुपयाला हळद का लावील?"

मी भिंग परत उचललं. अक्षरांच्या खाचांत, अगदी खोल, पिवळं आणि तांबडं बसलेलं होतं. हळद आणि कुंकू. एका दिवसाची पूजा नव्हती ती, थरावर थर होते. व्यापाऱ्याच्या यादीतही लिहिलं होतं, 'अक्षरांत रंगाचा मळ, म्हणून भाव कमी.' हे व्यापारी नाणं कधी घासत नाहीत. घासलं की त्याची किंमत जाते. दुसऱ्या कुणाच्या हाती लागला असता तर चिंच लावून लख्ख केला असता, आणि ही गोष्ट तिथंच संपली असती.

मास्तर खाली बसले. रुपया इतकी वर्षं कुणाच्या तरी देव्हाऱ्यात होता, फकिराच्या झोळीत नव्हे.

व्यापाऱ्याला पत्र लिहून भागणार नव्हतं, मी स्वतः मुंबईला गेलो. माणूस सरळ निघाला. त्याच्या वहीत नोंद होती: रुपया दौंडच्या एका सोनाराकडून घेतलेला. दौंडच्या अंमलदारांना बरोबर घेऊन मी सोनाराच्या पेढीवर गेलो. सोनारानं आधी कानावर हात ठेवले.

"अप्पा," मी म्हटलं, "चांदीच्या रुपयासाठी मी तुम्हाला आत घालणार नाही. पण खोटं बोललात तर नक्की घालीन."

मग तो मोकळा झाला. नदीकाठचा एक बागायतदार शेतकरी रुपया घेऊन आला होता. रुपया आटवून त्याच चांदीचा टाक घडवा म्हणाला. टाक म्हणजे देव्हाऱ्यातला देवाचा किंवा घरातल्या गेलेल्या माणसाचा चांदीचा पत्रा. सोनाराला अंकुशी रुपयाचा भाव ठाऊक. त्यानं दुसरीच चांदी घातली आणि रुपया मुंबईला विकला.

"टाकावर देव कुठला काढला?" मी विचारलं.

सोनार घुटमळला. "तेच तर, साहेब. देव न्हवताच. मानूस काढा म्हनला. येक हात वर केलेला. बाकी काय बी नगं."

दौंडहून राहू गावाकडं जाताना वाटेत लागणारं भीमाकाठचं गाव. तिथं उसाची गुऱ्हाळं. मळ्यात घर, अंगणात गुळाची मोठी काहील पालथी घातलेली. शेतकरी पन्नाशीचा, धडधाकट. ओट्यावर बसला होता, पण डावा पाय खाली आणि उजवा पोटाशी घेऊन. त्या पायाच्या घोट्याला काळा दोरा. मी देव्हारा बघायचा आहे म्हटलं. त्याच्या बायकोनं आत नेऊन दाखवला. खंडोबा, भवानी, आणि एका कडेला नवा कोरा टाक. एक माणूस, एक हात वर. समोर दिवा चालू होता.

"हा कोण?"

"आमचा पूर्वज हाय, साहेब," शेतकरी ओट्यावरूनच म्हणाला.

मी वाद घातला नाही. बाहेर येऊन खिशातून रुपया काढला आणि ओट्यावर त्याच्यापुढं ठेवला. माझ्या नोकरीत बरीच माणसं कबुलीला येताना बघितली, पण असं कधी बघितलं नाही. तो नाण्याकडं बघत राहिला आणि आधीच वर घेतलेला पाय दोन्ही हातांनी आणखी ओढून धरला.

"ह्यो वितळला न्हाई व्हय?" तो पुटपुटला. "तरीच."

"तरीच काय?"

"टाक बसवला आन् तवापासनं जास्तीच धरतोय. म्हंजी टाकात त्यो आलाच न्हाई."

मग सगळं बाहेर आलं, मला एकही प्रश्न रेटावा लागला नाही. त्या भाद्रपदात पूर होता, नाव बंद होती. हा आमच्या शिरूरकडच्या काठाला नातेवाइकाकडं अडकलेला. पावसाळ्यात गुऱ्हाळाची काहील रिकामी असते, तिचीच ही मंडळी होडी करतात. काठावर एक तरणा पोरगा भेटला. सकाळची गाडी गाठायची आहे म्हणाला. पुरात काहिलीत कुणाला घ्यायचं नाही, असं पोलीस पाटलांनी बजावलं होतं. यानं घेतलं.

"पैसं न्हाई घेतलं, देवाशपथ. दया आली म्हून घेतलं. मधोमध झाडाचा वंडका आला आन् काहील पालथी. मी पोहनारा. त्यानं माझा ह्यो पाय धरला. म्या झटकला. न्हाई सुटला. परत झटकला."

"मग?"

"मग हात वर दिसला. हितपतूर." त्यानं दंडावर बोट ठेवलं. "हिरवी पट्टी व्हती."

तिसऱ्या दिवशी प्रेत याच्याच मळ्याच्या कडेला बाभळीच्या मुळ्यांत येऊन थांबलं. बांबूनं ढकलावं, तर हात उचलेना. पोलिसांत जावं, तर भीती. रानाच्या कडेला पुरलं. दंडावरचा रुपया का काढून घेतला, ते त्यालाही सांगता आलं नाही. त्यानंतर पाण्यात उतरलं की कुणीतरी पाय धरायचं. पुढं जेवायला बसलं तरी धरायचं. देवऋषी म्हणाला, त्याला घरात जागा दे, घरच्यासारखं वागव. तेव्हापासून रोज रुपयाला हळदकुंकू. तरीही सुटेना, म्हणून यंदा त्याच रुपयाचा टाक करायला टाकला.

तालुक्याचे मॅजिस्ट्रेट, डॉक्टर आणि पंच यांच्यासमोर जमीन उकरली. हाडांबरोबर पट्ट्याचं पितळी बक्कल निघालं. सुनेनं ते ओळखलं, हातात घेतलं आणि पदरात बांधलं. मी मुद्देमाल म्हणून परत मागायला हवं होतं. नोंद करून मग मागितलं, तेवढा वेळ तिच्याकडं राहू दिलं. हाडं शिरूरच्या कब्रस्तानात रीतीनं दफन झाली. पुढच्या वर्षी सून तिच्या भावाबरोबर माहेरी गेली. मास्तर स्वतः तिला एस.टी.वर बसवायला आले होते.

शेतकऱ्याला शिक्षा झाली, फार मोठी नाही. निकालाच्या दिवशी त्याची बायको कोर्टाबाहेर मास्तरांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. त्या टाकाचं काय करू, म्हणाली. नदीत सोडू का?

मी मध्ये पडणार होतो. मास्तरांनी हात केला.

"बाई, आमच्या धर्मात हे बसत नाही," ते म्हणाले. "पण सात वर्षं मी नुसत्या याद्या वाचत बसलो. माझ्या पोरापुढं रोज दिवा तुम्ही लावला. नदीत तेवढा नका सोडू. नदीत तो एकदा होता."

या खटल्यानं मला काय शिकवलं? एवढंच, की माणूस पोलिसांना भिऊन जे लपवतो, ते त्याच्याच घरात जागा करून राहतं. आणि ज्याला आपण हद्द म्हणतो, तिच्या पलीकडं कुणाचा तरी बाप वाट बघत असतो. तो बेपत्त्याचा कागद माझ्या आधीच्यांनी एकदा नदीपर्यंत चालत नेला असता, तर त्या पोरीची सात वर्षं वाचली असती. पुढं मी कुठल्याही ठाण्यात गेलो तरी आधी बेपत्त्यांचं दप्तर काढायला लावायचो. हाताखालची मंडळी वैतागायची. वैतागू दे.

कोर्टानं रुपया मास्तरांना परत केला. मी म्हटलं, हळद तरी पुसून घ्या. नको म्हणाले. आठवड्यानं सोलापूरहून मला एक कार्ड आलं, त्याच वळणदार अक्षरांत. मास्तर दौंडहून सकाळच्या गाडीनं गेले होते. स्टेशनाबाहेर पहिला फकीर दिसला, त्याच्या हातावर रुपया ठेवला. खाली लिहिलं होतं, 'पोचलो. कार्ड टाकायला सात वर्षं उशीर झाला, माफ करा.' सही मुलाच्या नावाची होती.