पाणी न देणारी पंक्चरवाली

गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघायला लागली, की आत हात कोण घालतं हो तुमच्याकडे? तुम्ही, की ड्रायव्हर?

लांबलचक चढ जिथे संपतो तिथे पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चरवालीचं दुकान आहे. हवेचा पंप, काळ्या पाण्याचा टब, टायरांची चळत आणि मागे ओळीने भरून ठेवलेले पाण्याचे कॅन. दमलेल्या गाड्या तिच्याच दारात येऊन फुसफुसतात, आणि ही बाई पाणी देत नाही. "अर्ध्या तासाने," म्हणते. लोक तिला तोंडावर माजोरडी म्हणतात, पाठीमागे त्याहून वाईट. तिला त्याचं काडीचं सोयरसुतक नाही.

शेडच्या कोपऱ्यात स्टुलावर तिचा नवरा असतो. वीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. एकदा याच चढावर इंजिन तापलं आणि मागच्या सीटवरून हुकूम आला, "बघत काय बसलास? उघड!" त्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं. आतलं उकळतं पाणी उसळलं ते थेट तोंडावर. मालकाने दवाखान्यात फुलं पाठवली. डोळे गेलेल्या माणसाला फुलं! आणि आठवड्यात नवा ड्रायव्हर ठेवला. तेव्हा बायकोने पाना-पक्कड हातात घेतली. नवरा आता टायर कानाशी धरून फिरवतो आणि हवा कुठून निसटतेय ते बोटाने दाखवतो. त्याचं कधी चुकत नाही.

त्या दुपारी एक पांढरी गाडी आली, वाफेत निम्मी बुडालेली. मिशीवाला ड्रायव्हर हाताला रुमाल गुंडाळतच उतरला. मागे साहेब, कानाला फोन.

"ताई, पाणी द्या लवकर."

"तापमानाचा काटा वर चढला तेव्हाच गाडी बाजूला का नाही घेतली?"

"साहेब म्हणाले, चढ तेवढा संपव."

"आणि एसी?"

"चालूच होता. त्यांना उकडतं."

"त्यांना उकडतं!" पंक्चरवाली भडकली. "आणि तुझं तोंड उकडून निघालं तर? एसी बंद करायचा, हीटर लावायचा, इंजिनाची उष्णता तेवढीच आत ओढली जाते. घामाघूम व्हायचं, जागा दिसली की थांबायचं, इंजिन बंद करायचं. हे तुला मी सांगू? गाडी तू चालवतोस की ते?"

काच खाली झाली. "ओ बाई, भाषण नको. पाणी द्या, पैसे सांगा."

तिने भरलेला कॅन पुढे ओढला आणि त्यावरच ठाण मांडलं. "तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर तडा जाईल. अर्धा तास."

"मला वेळ नाही! तू उघड रे ते झाकण!"

ड्रायव्हरने रुमालाची गाठ आवळली. "ताई, नोकरी जाईल माझी."

"साहेब, मग तुम्हीच या की खाली," ती म्हणाली. "घाई तुमची, गाडी तुमची, हातही तुमचाच लावा."

साहेब तावातावाने उतरले. बॉनेटला बोट टेकवलं, चटका बसला तसं मागे घेतलं, आणि तेच बोट ड्रायव्हरवर रोखलं. "उघड म्हटलं ना!"

"थांब." शेडमधून नवरा भिंत चाचपत बाहेर आला. "अजून गुडगुडतंय आत. मला ऐकू येतंय."

ड्रायव्हरने वळून पाहिलं. भाजून आवळलेली कातडी पाहिली, डोळ्यांच्या जागा पाहिल्या. हाताचा रुमाल त्याने सावकाश सोडला, त्याच रुमालाने घाम पुसला.

"नाही उघडणार, साहेब."

"मग उद्यापासून येऊ नकोस!" साहेबांनी मागून आलेल्या टॅक्सीला हात केला. बसता बसता बजावलं, "आणि गाडी संध्याकाळपर्यंत घरी पाहिजे." बघा म्हणजे!

अर्धा तास झाला, वर दहा मिनिटं गेली. नवऱ्याने कान दिला. "आता."

पंक्चरवालीने झाकणावर जाड गोणपाट टाकलं, तोंड बाजूला घेतलं आणि पाव फेराच फिरवला. उरलीसुरली वाफ निघून गेली, मग पूर्ण उघडलं. पाणी हळूहळू ओतलं.

"ही नळी गळतेय. बदलून घे."

"मी कशाला? मी आता कोण या गाडीचा?"

तिघंही हसले, पण त्या हसण्यात दम नव्हता. नोकरी गेली ती गेलीच. डोळे शाबूत राहिले, त्याबद्दल त्याने आभार कुणाचे मानायचे?

तेव्हा एवढं करा. वाफ दिसली की मागच्या सीटवरून खाली उतरा, ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा तास सावलीत बसा, आणि ते बोट खिशात ठेवा.