शेवटची ओळ

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आत्ता मात्र सांगतो.

पुण्याहून बंगळुरूला आलो ते एका छोट्या कंपनीत. दवाखान्यात खाटेशेजारी हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर असतो ना, त्याचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. कोड बदलला की एक टूल तो बाकीच्या सॉफ्टवेअरला आपोआप जोडतं, मग मी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, त्याच्या तपासण्या घेते. सगळं ठीक असेल तर टूल हिरवी खूण दाखवतं. नाहीतर लाल, आणि काम तिथंच अडतं.

एक तपासणी अधूनमधून लाल यायची. ठोके घसरले की भोंगा वाजतो का — नेमकी तीच! माझ्या लॅपटॉपवर पास, ऑफिसच्या सर्व्हरवर नापास. खूप डोकं आपटलं. स्क्रिप्ट शेवटपर्यंत पोचते का ते बघावं म्हणून तळाशी एक ओळ टाकली, ‘तपासणी संपली’ एवढंच छापणारी. आणि हिरवं आलं.

का आलं, ते मला लगेच कळलं. टूल स्क्रिप्टची फक्त शेवटची ओळ बघतं; ती नीट चालली की ते खूश. वर काय नापास झालं, त्याला पत्ताच नाही. ती ओळ काढायला कितीसा वेळ लागला असता? पण तोवर मॅनेजर पाठ थोपटून गेला होता. उद्या काढू म्हटलं. मग भीती वाटायला लागली — काढली आणि लाल झालं तर? ती ओळ अजून तिथंच आहे. त्यानंतर आम्ही जे जे दवाखान्यांत पाठवलं, ते हिरवंच गेलं.

परवा आईच्या छातीत दुखलं म्हणून के. आर. पुरमच्या दवाखान्यात नेलं. तिच्या उशाशी आमचाच मॉनिटर! शेजारच्या खाटेवर एक आजोबा, त्यांच्या खाटेशीही तोच. सोबत त्यांची मुलगी, इथल्याच जुन्या मराठी घरातली. मी या मॉनिटरच्याच कंपनीत आहे, हे आईनं तिला कौतुकानं सांगून टाकलं होतं. ती मला म्हणाली,

“अण्णा, मी स्वल्प खाली जाऊन कॉफी पिऊन येते. काही झालं तर मशीन वाजतंय नव्हं?”

जाऊ नका, निदान नर्सला बसवून जा — एवढंच म्हणायचं होतं मला. जमलं का?

“वाजेल की अक्का. जा तुम्ही.”

ती गेली. मी आईचं मनगट हातात घेतलं आणि नाडी मोजत बसलो. शेजारच्या खाटेकडे मान वळवली नाही.