उस्तादांचा आवाज

लष्करी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात तिला सगळे फुंकर म्हणतात. ती श्वसनोपचार तज्ज्ञ आहे. ज्यांना स्वतःहून श्वास घेता येत नाही त्यांना यंत्रावर ठेवायचं आणि हळूहळू यंत्रावरून उतरवायचं, हे तिचं काम. उतरवणं जास्त कठीण. यंत्र बाजूला केलं की माणसाचे डोळे मोठे होतात, छाती भात्यासारखी हलते. तो घाबरलाय की खरंच दमलाय, हे तेव्हा ओळखावं लागतं. मानेच्या शिरा बघायच्या, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय का ते बघायचं. घाबरला असेल तर धीर द्यायचा, दमला असेल तर लगेच परत यंत्रावर घ्यायचं. फुंकर यात सहसा चुकत नाही.

नव्या जवानांना कवायत शिकवणाऱ्या उस्तादांना आणलं तेव्हा तिने त्यांना भुवयांवरून ओळखलं. मिशी जळून गेली होती. प्रशिक्षण केंद्राच्या कोठाराला आग लागली, उस्ताद आत शिरले, अडकलेल्या दोन शिकाऊ जवानांना बाहेर काढलं आणि दारातच कोसळले. धुराने फुप्फुसं भाजली. दोन्ही हातांना कोपरापर्यंत बँडेज. गळ्याला छेद देऊन नळी बसवलेली, त्यामुळे आवाज बंद. वॉर्डात जो तो त्यांच्या धाडसाबद्दल बोलत होता.

तिचा धाकटा भाऊ याच उस्तादांच्या हाताखाली भरती झाला होता. धावताना त्याची छाती भरून यायची, घशातून शिट्टी वाजायची. उस्तादांनी त्याला सगळ्या तुकडीसमोर उभं करून शिट्टी वाजवून दाखवायला लावली. मग पुन्हा पळवलं. तो पडला, शुद्ध हरपली, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला ढोंगी ठरवून घरी पाठवलं. त्याला आणायला बाबा आणि ती गेले होते. मैदानाच्या कडेला उभं राहून उस्ताद बाबांना म्हणाले, "दमा-बिमा काही नाही. मुलगा नाटकी आहे तुमचा."

बाबा लष्करातच ड्रायव्हर होते. उस्तादाचा शब्द म्हणजे शब्द. त्या दिवसापासून घरात धाकट्याचं नाव पडलं कलाकार. "कलाकार उठले का?" "कलाकारांना वाढ, दमले असतील." फुंकरने पुढे हे शिक्षण घेतलं, भावाला नळीत फुंकायला लावून स्वतः तपासणी केली. दमाच होता. रिपोर्ट बघून बाबा म्हणाले, "बहिणीनेच काढलाय ना?" विषय संपला. धाकटा आता शिलाई मशिनं दुरुस्त करतो. जिना चढताना मध्येच बुटाची लेस बांधायला वाकतो. पायात चप्पल असते.

त्यामुळे तिला उस्तादांचा जीव नको होता, आवाज हवा होता. ज्या तोंडाने बाबांना सांगितलं, त्याच तोंडाने आता खरं सांगायला हवं. त्यासाठी हा माणूस जगायला हवा आणि बोलायलाही हवा.

ती कामाला लागली. सुट्टी पुढे ढकलली, उस्तादांची खाट मागून घेतली. छातीतला कफ ती स्वतः ओढून काढायची, नळीची जागा स्वतः पुसायची. "सख्ख्या वडिलांचंही कोणी एवढं करत नाही," वॉर्डातली वरिष्ठ नर्स म्हणाली. "वडिलांसाठीच करतेय," फुंकर म्हणाली. नर्सला काही ती बोच कळली नाही.

उस्तादांना मात्र तिने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. ते पूर्ण शुद्धीवर होते. नळी साफ करता करता ती शांतपणे म्हणाली, "शिट्टीवाला आठवतो? त्याची मोठी बहीण मी." उस्तादांनी डोळे मिटून घेतले. "मिटू नका. बोलता येणार नाही, पण ऐकता येतंय." मग रोज थोडं थोडं सांगत गेली. कलाकार, लेस, चप्पल. ज्याला उत्तर देता येत नाही त्याला ऐकवण्यात काय सुख आहे, हे उस्तादांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं. आता पारडं फिरलं होतं.

यंत्रावरून उतरवताना ते बँडेजमधले हात आपटायचे. ती मानेकडे बघायची. "घाबरलायत. दमला नाहीत. चालू द्या." आणि तसंच असायचं. एकदा मात्र कातडी आत ओढली गेलेली दिसली, तिने ताबडतोब यंत्र जोडलं. "हे असं ओळखतात," ती म्हणाली. "मैदानावरही दिसतं. बघणाऱ्याला बघायचं असलं तर."

यंत्र सुटलं. डॉक्टरांनी बोलण्याचा व्हॉल्व्ह लावून बघायला सांगितलं. हा नळीच्या तोंडावर बसतो. श्वास आत जाऊ देतो, पण बाहेर सोडत नाही. मग हवा वरच्या वाटेने स्वरयंत्रातून जाते आणि आवाज फुटतो. अट एकच. नळीभोवती गळ्याच्या आत हवा भरलेला छोटा फुगा असतो, तो आधी रिकामा करायचा. फुगा फुगलेला राहिला तर वरची वाटही बंद. श्वास आत जातो, बाहेर येत नाही.

बाबांना तिने त्याच दुपारी बोलावलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, खाटेपाशी ताठ उभे राहिले.

"उस्ताद, तुम्ही दोन पोरं वाचवलीत. अभिमान वाटला," बाबा म्हणाले. "आमचा कलाकार तुमच्या हाताखाली टिकला नाही. लाज आणली त्याने. त्याबद्दल मीच तुमची माफी मागतो."

बाबांनी हात जोडले. फुंकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने व्हॉल्व्ह उचलला आणि नळीवर बसवला.

उस्तादांनी श्वास घेतला. मग आणखी एक, त्यावर आणखी एक. छाती वर गेली ती खाली येईना. चेहरा काळवंडला, बँडेजचे हात खाटेवर आपटू लागले.

"काय होतंय त्यांना?" बाबा म्हणाले.

फुगा. तिला कळलं. कळल्यावरही हात लगेच हलला नाही. किती वेळ, ते ती सांगत नाही. मग तिने व्हॉल्व्ह ओढून काढला, हवा सुस्कारत बाहेर आली. तिने सिरिंजने फुगा रिकामा केला, तोंडातली लाळ काढली, रंग परत येईपर्यंत थांबली.

"पुन्हा लावू?"

उस्तादांनी होकारार्थी मान हलवली. तिने व्हॉल्व्ह बसवला. आवाज फुटला तो चिरका, गंजलेला.

"मी... नाटक करत नव्हतो."

"तसं कोण म्हणतंय?" बाबा गोंधळून म्हणाले.

फुंकर उस्तादांकडे बघत राहिली. त्यांनी बाबांकडे मान वळवली.

"तुमचा मुलगा पण. करत नव्हता. मला दिसत होतं."

बाबांचे जोडलेले हात खाली आले. त्यांनी खाटेची कड धरली. "दिसत होतं? मग मला तसं का सांगितलंत?"

"त्या वेळी... वरून..." उस्तादांनी दम घेतला. "माझ्यावर..."

फुंकरने व्हॉल्व्ह काढला. वाक्य तिथेच राहिलं. ओठ हलत होते, गळ्यातून नुसती हवा येत होती.

"बोलू दे ना त्यांना," बाबा म्हणाले.

"पहिल्या दिवशी एवढंच. दमतील."

उस्ताद दमले नव्हते. तिने मानेकडे बघितलं होतं.

फुग्याची चूक तिने स्वतः जाऊन डॉक्टरांना सांगितली. राग सांगितला नाही. तिला त्या खाटेवरून काढलं, पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं. बाबांनी कलाकार म्हणणं बंद केलं. दुसरं काही सुचेना म्हणून धाकट्याला बरेच दिवस नुसतंच "अरे" म्हणत होते.

उस्तादांचा व्हॉल्व्ह आता दुसरा सहकारी लावायचा. तो एकदा जेवणघरात तिच्यासमोर येऊन बसला.

"फुंकर, म्हातारा रोज तुझी चौकशी करतो. काहीतरी अर्धवट राहिलंय म्हणे, तुला सांगायचंय."

"माहीत आहे."

"मग जा की. पाच मिनिटांचं काम."

"राहू दे अर्धवट," ती म्हणाली आणि मीठ मागितलं.