हुकावरची फुली

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. तिला नाही म्हणजे कुणालाच नाही, असं समजा. वीस वर्षं झाली. रोज आठवतं असंही नाही – आता खोटं कशाला बोलू? पण आठवलं की हातातला घास हातातच राहतो. तुम्ही समोर बसला आहात असं धरून लिहितो. त्याशिवाय जमायचं नाही.

छप्पन्न-सत्तावन्न साल असेल. पिंपरीत कारखाने नुकते उभे राहत होते, आणि आमच्या रहाटणीची पोरं बैलाचा कासरा सोडून सायकलवर बसायला लागली होती. मीही एका लहानशा कारखान्यात लागलो. बादल्या, पाइप, असल्या मालाला जस्त चढवायचं काम. तेजाबात बुडवून गंज उतरवायचा, धुवायचं, वाळवायचं आणि वितळलेल्या जस्ताच्या कढईत सोडायचं. वाळवणारा मी. कढईत सोडणारा दत्ताराम.

दत्ताराम रत्नागिरीकडचा. बाप अजून मासेमारीला जायचा. एकदा सुट्टीवरून येताना हा पठ्ठ्या बापाच्या होडीचा नांगर एस.टी.च्या टपावर टाकून घेऊन आला. चार वाकड्या आकड्यांचा, पोकळ नळीच्या दांड्याचा. खाऱ्या पाण्यानं जस्त पार गेलेलं, खपल्या सुटलेल्या. सगळे हसले. मिस्त्री म्हणाला, "काय रे, पवनेत होडी घालतोस का काय?" दत्ताराम म्हणाला, "हसा मेल्यांनो. हा तुटला तर बापूस होडीसकट खडकावर जायचा." मग कुणी हसलं नाही. शनिवारी काम उरकलं की नांगर जस्तातून काढायचा, अशी मिस्त्रीनं परवानगी दिली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ओला माल त्या जस्तात गेला की आतल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि जस्त तोफेसारखं उडतं. म्हणून आमच्यात रीत होती – माल कोरडा झाल्याची वाळवणाऱ्यानं खात्री करायची आणि माल टांगायच्या हुकावर खडूनं फुली मारायची. कढईवाला फुली बघणार आणि सोडणार. तो विचारत नसे. भट्टीच्या भात्याचा आवाज एवढा, की विचारून ऐकू तरी काय येणार? फुली म्हणजे शब्द. त्या शब्दावर माणूस कढईपाशी तोंड घेऊन उभा राहायचा.

पोकळ माल तोंड खाली करून तासभर तरी उष्णतेवर ठेवावा लागतो. मला ठाऊक होतं. नवा नव्हतो मी.

त्या शनिवारी थेरगावला कुस्त्या होत्या. बस, एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं का? मी पुष्कळदा शोधलंय. सापडत नाही. नांगर वरून कोरडा, पांढुरका दिसत होता. हात फिरवला, गरम लागला. दांडा उलटा केला नाही – जड होता, आणि माझी सायकल दारात होती. मी फुली मारली.

दत्ताराम किती खुशीत होता! त्यानं फुली बघितली. मी बघितलं त्याला बघताना. मग त्यानं साखळी सोडली.

आवाज झाला. तो पाठीवर पडला, दोन्ही हात तोंडावर. माणसं धावली – मिस्त्री, भट्टीवाला, दारावरचा पठाणसुद्धा. आणि मी?

इथं मी दोनदा कागद बाजूला ठेवला.

मी आधी हुकापाशी गेलो. नांगर आत, हुक वर, तापलेला. मी अंगठ्यानं फुली पुसली. अंगठा भाजला. मग धावलो. दत्तारामला उचलणाऱ्यांत मीही होतो, आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडत होतो.

मालकांनी विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणालो, "फुली मारलीच न्हवती साहेब. मी अजून वाळवतच व्हतो." पुण्याच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी दत्तारामनंही विचारलं. डोळ्यांवर पट्ट्या. हात चाचपडत माझा हात धरला. "फुली होती ना रे?" म्हणून. तेव्हा तरी सांगायचं होतं. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "न्हवती, दत्ताराम."  तो म्हणाला, "मग मला दिसली कशी?" आणि थोड्या वेळानं स्वतःच – "आपला नांगर म्हणून घाई झाली माझी."

डावा डोळा गेला. उजव्यानं उजेड-अंधार कळतो, माणूस कळत नाही. नोकरी गेली. तो नांगर मी पुढच्या आठवड्यात दिवसभर वाळवून पुन्हा जस्तातून काढला आणि गावी पाठवला. इतकं चांगलं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. बापानं निरोप धाडला, तुमचे उपकार विसरणार नाही. त्या निरोपाचं मी काय करायचं होतं?

गेल्या दिवाळीनंतर दत्ताराम आणि त्याची बायको पुण्याला डोळे दाखवायला आली, ती आमच्याकडे उतरली. डॉक्टर म्हणाले, आता उपयोग नाही. संध्याकाळी आमच्या ओसरीवर वहिनी माझ्या बायकोला सांगत होत्या, "यांची ही घाई! फुली नाय, काय नाय, सोडला नांगर. सगळ्या संसाराची माती केलीन." दत्ताराम ऐकत होता.  वीस वर्षं तो हे ऐकत आलाय. त्यानं फक्त चेहरा माझ्या दिशेला वळवला – चूक कबूल असलेला माणूस पंचांकडे बघतो तसा.

मी तेव्हा काय बोललो ते लिहितो आणि थांबतो. मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी. चूक माणसाच्याच हातनं व्हती. आमी कवाच इसारलो."

दत्तारामनं चाचपडत माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला. त्याला बरं वाटलं होतं.