पावणेतीन तासांवरची मुलगी

निघायच्या दिवशी मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या आमच्या बिल्डिंगखाली बाबा माझ्या बॅगा टॅक्सीत चढवत होते आणि जो दिसेल त्याला ऐकवत होते, "मस्कत काय लांब नाही हो. विमानाने पावणेतीन तास!" वॉचमनलाही हिंदीतून तेच. आईने टॅक्सीच्या दारात अडकलेलं माझ्या ओढणीचं टोक आत सारलं आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर." तिथून विमानतळ गाठायलाच दीड तास गेला. म्हटलं, एवढ्यात निम्मं मस्कत झालं असतं.

तिथे मी एका क्लिनिकच्या लॅबमध्ये लागले. शुक्रवार-शनिवार वीकेंड, रविवारी ड्यूटी, सहा महिने प्रोबेशन. अमेरिकेतल्या मावसबहिणीला मी चिडवायचे, "तुला दोन विमानं लागतात, मला एक डुलकी." खरं सांगते, त्या पावणेतीन तासांच्या जिवावर मी निर्धास्त होते.

ईदची चार दिवस सुट्टी मिळाली, तशी कुणाला न सांगता आले. सरप्राइज! दार उघडलं ते शेजारच्या कोकिलाबेननी, हातात सूपचा बाऊल. मला बघून त्यांचा चेहराच उतरला. "अरे बेटा, तुझे किसने बताया?"

त्यांच्या मागे खुर्चीत बाबा. छातीशी उशी कवटाळलेली, शर्ट उघडा आणि गळ्याखालून पोटापर्यंत टाक्यांची रेघ. बायपासला तीन आठवडे झाले होते. अख्ख्या विंगला माहीत होतं, इस्त्रीवाल्यालाही माहीत होतं. मी बॅगेवरच बसले.

मग दिवस मोजले. त्या गुरुवारी लंच ब्रेकमध्ये मी फोन केला होता. आई म्हणाली होती, "बाबा झोपलेत. तू जेवलीस का?" ती तेव्हा ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसली होती. पुढे कितीतरी दिवस "नेटवर्क नाही, व्हिडिओ नको" हेही मी खरं मानलं. दिवसभर परक्यांचं रक्त तपासते मी, आणि सख्ख्या आईचा आवाज मला ओळखता आला नाही.

मी किंचाळलेच. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "न्यूयॉर्कला असतीस तर सांगितलं असतं गं. तिथून काय लगेच येणार होतीस? मस्कतहून तू मिळेल त्या विमानाने आली असतीस. प्रोबेशन होतं तुझं."

म्हणजे मी जवळ होते, म्हणून मला कळवलं नाही. बाहेर राहणाऱ्यांनो, तुमच्या घरीही असंच चाललंय का, एकदा शेजाऱ्यांना विचारून बघा. मी तर कोकिलाबेनचा नंबर घेऊनच ठेवलाय. घर किती लांब आहे, हे आता मला तासांत सांगता येत नाही.

परत निघायच्या सकाळी आई मेथी निवडत होती. मी तिचे हात धरले. "यापुढे काही लपवायचं नाही. शपथ घे."

"बरं," ती म्हणाली. "आणि तू तिकडे आजारी पडलीस, तर आम्हाला सांगशील?"

दोन महिन्यांपूर्वी टायफॉइडने मी आठ दिवस खोलीत एकटी पडून होते, ते आठवलं. मी खाली बसले आणि तिच्याबरोबर मेथी निवडू लागले.