नंदूचं पुरं नाव

आक्का, आम्ही गाव सोडलं त्या सकाळी तुम्ही अमळनेर स्टेशनवर आलात खऱ्या, पण नंदूला हातात घेतलं नाहीत. बायकांच्या घोळक्यापासून चार हात लांब, पाण्याच्या नळापाशी पदर तोंडाला लावून उभ्या राहिलात. सासूबाई पोरीच्या गालाला काजळाचं बोट लावत होत्या, हे वळकट्या आणि भांड्यांचं पोतं डब्यात चढवत होते. सुरतेची पॅसेंजर थांबते थोडी आणि ढकलाढकल फार. मी खिडकीतून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही नुसता हात हलवलात. सख्खी आत्या तान्ह्या भाचीचा पापाही घेत नाही, याचं समोरच्या बाकावरच्या बाईला नवल वाटलं. मला वाटलं नाही. तुम्ही कशाला भीत होतात ते मला ठाऊक होतं, कारण मीही त्यालाच भीत होते.

गाडी हलता हलता सासूबाईंनी पुन्हा बजावलं, "नंदू म्हना, नंदूच ऱ्हाऊ द्या. नाव लांब ठेवं का नजरबी लांबथून लागस."

नंदूच्या आधीची माझी दोन लेकरं तुम्हीच पाळण्यात घातली होतीत. नाव ठेवायचा मान आत्याचा, तो कुणाला चुकत नाही. थोरल्याच्या कानात तुम्ही राजेंद्र सांगितलंत, धाकटीच्या भाग्यश्री. दोन्ही वेळा गल्लीभर बायका बोलावल्या, घुगऱ्या वाटल्या, हौसेला मोल नाही म्हणतात तसं सगळं केलं. राजेंद्र दात येताना गेला. भाग्यश्री धड उभी राहायच्या आतच गेली. मग बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? कुणी म्हणालं आत्याच्या तोंडाला गुण नाही, कुणी म्हणालं एवढी मोठी नावं लेकरांना पेलली नाहीत. तुम्ही पहिलं मनाला लावून घेतलंत, मी दुसरं. नंदूच्या बाराव्या दिवशी तुम्ही अंगात कसकस आहे असं कळवून आलाच नाहीत आणि बारसं राहिलं ते राहिलंच. नंदू हे नाव तिला कुणी ठेवलेलं नाही. सासूबाई मांडीवर घेऊन थोपटताना काहीतरी म्हणायच्या, त्यातून ते चिकटलं.

सुरतेत कतारगामला आम्हाला माडीवरची एक खोली मिळाली. खाली गल्ली, गल्लीच्या टोकाला यांचं खातं. लूमच्या कारखान्याला इथं खातं म्हणतात, हे मला पहिल्याच दिवशी शिकावं लागलं, कारण हे खात्यात जातो म्हणाले आणि मला वाटलं सरकारी नोकरी लागली की काय. रात्रंदिवस खटखट. सुरुवातीला मला झोप येईना, पुढे पुढे ती खटखट थांबली की जाग यायला लागली.

यांना मात्र सुरतेचं वारं लवकर लागलं. शहरात राहायचं तर माणसाला पुरं नाव पाहिजे, असं यांच्या डोक्याने घेतलं. पाळी संपवून आले की लूमचे धागे अंगावर तसेच, आणि जेवता जेवता नवं नाव काढायचे. एक दिवस सुनंदा. एक दिवस आनंदी. एकदा तर नंदनवना म्हणाले, तेव्हा मी वाढता वाढता हात आखडता घेतला. शेवटी नंदिनीवर गाडी अडली. "नंदिनी. कसं भारदस्त वाटतं," म्हणून पोरीकडे बघायचे आणि मी घाईघाईने म्हणायचे, "हळू बोला." कोण ऐकणार होतं देव जाणे. पण नावं घेऊन घेऊन हा माणूस माझी पोर कुणाला तरी दाखवून देतोय, असं वाटायचं.

शेजारच्या खोलीत काशीबेन होत्या, भावनगरकडच्या. त्यांचा नवरा हिरे घासायचा. त्यांना आमचं कोडं सुटेना. "शोभाबेन, छोकरी चालवा लागी, हवे तो पूरुं नाम पाडो," पोर चालायला लागली, आता नाव ठेवा, असं त्या दर आठ दिवसांनी म्हणायच्या. मी म्हणाले, आमच्यात आत्या नाव ठेवते, आणि आत्या गावाला आहे. त्यांच्यातही आत्याच नाव ठेवते, म्हणून त्यांनी मान डोलावली. "अमारामां पण फोई ज पाडे." तेवढ्यावर माझी सुटका झाली. आत्या यायलाच तयार नाही, हे मी सांगितलं नाही.

नंदूचा पहिला वाढदिवस आम्ही केला नाही. त्या दिवशी मी तिला खोलीबाहेर काढली नाही, कडी लावून बसले. तो दिवस सुखरूप गेला. मग आणखी सहा महिने गेले, आणि मला वाटायला लागलं की जमलं आपलं, नंदू एवढ्याशा नावाआड पोर दडून राहिली.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी सुरतेत मरकी आली, इथं प्लेगला मरकी म्हणतात.

तुम्ही गावाकडे ज्या गोष्टी ऐकल्यात त्यातल्या निम्म्या खऱ्या होत्या. खाती बंद पडली. ती खटखट थांबली आणि मी रात्रभर जागीच. गटारांच्या कडेला पांढरी पावडर, माणसांच्या तोंडाला रुमाल, औषधाच्या दुकानांपुढे झुंबड. काशीबेन गेल्या, जाताना तुळशीला पाणी घालायला सांगून गेल्या. गल्ली एका दिवसात ओस पडली. हे म्हणाले आपणही निघू. बोचकं बांधलं, आणि नंदूला उचलायला गेले तर तिचं अंग तव्यासारखं तापलेलं.

जायचं तर कसं? स्टेशनवर माणसं डब्यांच्या टपावर बसून चालली होती. शिवाय सुरतेहून आलेल्यांना आपल्याकडच्या गावांत वेशीवरच अडवतात, असं परत आलेला एकजण सांगत होता. तापाची पोर घेऊन आम्ही कुठे उभं राहणार होतो? गल्लीतल्या दवाखान्याला कुलूप. यांनी लांबचा एक डॉक्टर शोधला. त्याने रुमालाआडूनच तपासलं, गोळ्या दिल्या, मलेरियासारखं वाटतंय म्हणाला. वाटतंय, एवढंच म्हणाला. मी घरी आले आणि दार लावून घेतलं. यांनी तोंड उघडलं की मी हाताने गप्प करायचे. वाटायचं, आता चुकून नंदिनी म्हणतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, कारण दार वाजवायला गल्लीत कुणी उरलंच नव्हतं. उघडलं तर तुम्ही. केस विस्कटलेले, हातात डबा.

हे दार धरून म्हणाले, "आक्का, सारं गाव पळी ऱ्हायनं आन तू कशी उनी?"

"गाडीमा बठीसन उनी," तुम्ही म्हणालात. "येतांना गाडी रिकामीच शे."

आमच्या गल्लीतून पळून गेलेल्या कुणीतरी गावात सांगितलं होतं की सुभाषची पोर तापाने फणफणली आहे. ते ऐकून तुम्ही चणे भिजवलेत, घुगऱ्या शिजवल्यात आणि कुणाला न विचारता गाडीत बसलात. घुगऱ्या वाटेत आंबल्या होत्या. तुम्ही पायसुद्धा न धुता नंदूपाशी बसलात आणि जन्मात पहिल्यांदा तिला हात लावलात. मग मला म्हणालात, "नाव ठेवूत."

मी तुमच्या हातातून पोर ओढून घेतली. खरं सांगते आक्का, त्या क्षणी मला मरकीपेक्षा तुमची भीती वाटली.

तुम्ही रागावला नाहीत. "मलेबी मना तोंडनं भ्याव वाटस," म्हणालात. "पन बिननावनी पोर उठी चालनी ते तिले मांगे कशी बलावशी? नंदू ते गल्लीमा धा शेतस."

 मी भाव करायला लागले, भाजीवालीशी करावा तसा. म्हटलं, नंदा ठेवा. नंदा लहान आहे. नंदूपेक्षा फार मोठं नाही, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही.

"अर्धं नको," तुम्ही म्हणालात. "घाबरानंच शे ते पुरं घाबरूत. तू सांग, मी कानमा सांगस."

नंदिनी हे मी म्हणाले. यांनी नाही, तुम्ही नाही. माझ्याच तोंडून ते पहिल्यांदा मोठ्याने निघालं.

लुगड्याची झोळी बांधली. तुम्ही वाकून पोरीच्या कानाशी कुर्र केलंत. आपल्यात त्या वेळी भोवतीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हसत खिदळत. तिथं बाया कुठल्या? सगळी चाळ कुलपात. तुम्ही वाकलेल्याच राहिलात. "शोभा, मार," म्हणालात. मी एक धपाटा घातला, हलकाच. मग दुसरा. मग मला आवरेना. राजेंद्रचा, भाग्यश्रीचा, त्या बंद पडलेल्या खात्यांचा, सगळा राग मी तुमच्या पाठीवर काढला आणि रडत राहिले. तुम्ही झोळीची कड घट्ट धरून एकच शब्द तिच्या कानात पुन्हा पुन्हा सांगत राहिलात.

ताप उतरला. गोळ्यांनी उतरला असं हे म्हणतात, आणि त्यांचंच खरं असेल. गल्ली भरली, काशीबेन परत आल्या, खाती सुरू झाली.

पण नाव ठेवलं म्हणून भीती गेली असं समजू नका. त्या दुपारनंतर मी ते नाव तोंडावर येऊ दिलं नाही. हेही माझ्या धाकाने नंदूच म्हणत राहिले. यंदा जूनमध्ये पोर पहिलीत गेली, यांनी शाळेत नंदिनी नाव लिहिलं, आणि आठवड्याच्या आत बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. "हजेरीला नाव पुकारलं की ही नुसती बघत बसते. कानाने कमी ऐकते का?" मी मान खाली घातली. कान चांगले आहेत हो तिचे. त्या नावाने तिला घरात कुणी हाकच मारली नव्हती.

त्याच संध्याकाळी मी गॅलरीत उभी राहिले. खाली पोरं खेळत होती, माणसं पाळी सुटून येत होती, सगळ्यांच्या देखत मी ओरडले, नंदिनी. ती खेळतच राहिली. मी पुन्हा ओरडले. तिने वर बघितलं. "कोने बोलावे छे, आई?" म्हणाली. म्हटलं, तुला. "आवी," इथल्या बोलीत आले म्हणाली आणि धावत सुटली.

तेव्हापासून मी रोज हाक मारते. इथल्या बाया विचारतात, तुमचं घर गावाकडे ना? मी हो म्हणते, कारण सासूबाई तिथं आहेत, तुम्ही आहात, माझी दोन लेकरं तिथल्या मातीत आहेत. पण आतल्या आत आता माझं घर केवढं झालंय ते तुम्हालाच कळेल, आक्का. मी पुरं नाव घेते तिथपासून पोरीची ओ येते तिथपर्यंत, तेवढंच ते. रोज तेवढ्या वेळात माझा जीव जातो आणि येतो. ती आवी म्हणते, जिन्यावर पावलं वाजतात, पण ती दारात दिसेपर्यंत मी कठडा सोडत नाही.